फ्रीमेसन मंडळींची जुनी पुस्तके : लंडनच्या आवृत्त्या जमवाव्यात की मुंबईच्या पुस्तिका?

दौतटाक

अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मी इंग्रजी पुस्तकांचा एक गठ्ठा वजनावर घेतला. घरी येऊन सुतळी सोडली तेव्हा त्यात खिशात मावेल एवढे, निळ्या कापडी बांधणीचे एक पुस्तक निघाले. त्यातली वाक्ये मध्येच तुटत होती. कित्येक शब्दांचे केवळ पहिले अक्षर छापलेले होते आणि पुढे टिंबे. छापखान्याची चूक असेल असे समजून मी ते बाजूला ठेवले, आणि ते कशाचे आहे हे कळायला मला आठ महिने लागले. ते फ्रीमेसन मंडळींच्या, म्हणजे गवंड्यांच्या जुन्या संघांची चिन्हे आणि विधी पाळणाऱ्या, गुप्ततेची शपथ घेणाऱ्या बंधुसंघाच्या विधींचे पुस्तक होते. ज्याला विधी पाठ आहे त्याला गाळलेला शब्द आठवावा आणि ज्याला नाही त्याच्या हाती काही लागू नये, अशा बेताने ते छापलेले होते. लंडनहून ए. लुईस या नावाने अशी पुस्तके १८७० च्या दशकापासून निघू लागली. गंमत अशी की लुईस हे टोपणनाव होते. त्यामागे जॉन हॉग नावाचे प्रकाशक होते. म्हणजे गुप्ततेची हौस विधीपुरती थांबली नव्हती, ती प्रकाशकाच्या नावापर्यंत पोहोचली होती.

मी स्वतः मेसन नाही आणि आमच्या घरात कोणी नव्हते. तरी त्या निळ्या पुस्तकापासून नाद लागला तो लागलाच. आज कपाटाचे दीड फळकूट या विषयाच्या पुस्तकांनी भरले आहे. आता प्रश्न पैशाचा आहे. या विषयातला मेरुमणी म्हणजे जेम्स अँडरसन यांचा १७२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला 'कॉन्स्टिट्यूशन्स' हा मेसन मंडळींच्या नियमांचा आणि इतिहासाचा ग्रंथ. त्याच्या पाठोपाठ सॅम्युएल प्रिचर्ड यांचे १७३० चे 'मेसनरी डिसेक्टेड', लॉरेन्स डर्मट यांचे १७५६ चे 'अहिमान रेझॉन' आणि विल्यम प्रेस्टन यांचे १७७२ चे 'इलस्ट्रेशन्स ऑफ मेसनरी' ही नावे येतात. यांपैकी प्रेस्टनच्या उशिराच्या आवृत्त्या सोडल्या तर बाकीच्या मूळ आवृत्त्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. काही वर्षे पैसे साठवून त्यांतले एखादे घ्यावे, की तो मोह सोडून मुंबईत छापलेल्या, कोणी न विचारलेल्या पुस्तिका गोळा कराव्यात, याचा मी विचार करतो आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, परंतु जाणकारांनी तो तपासून पाहावा यासाठी हा धागा काढला आहे.

शंकेखोर

विषय नवा आहे म्हणून दोन प्रश्न विचारतो, राग मानू नये. पहिला असा की, ज्या मंडळींनी गुप्त राखण्याची शपथ घेतली त्यांची विधींची पुस्तके बाहेरच्या माणसाने जमवणे आणि वाचणे योग्य आहे का? दुसरा असा की, शब्द गाळून छापलेले पुस्तक जमवून वाचकाच्या हाती नेमके काय लागते?

दौतटाक

राग कसला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रिचर्डनेच देऊन ठेवले आहे. तीन पदव्यांची, म्हणजे दीक्षेच्या तीन पायऱ्यांची, प्रश्नोत्तरे त्याने १७३० मध्ये छापून उघड्यावर मांडली आणि अल्पावधीत त्या पुस्तिकेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तेव्हापासून हे गुपित बाजारात विकत मिळते. अशा पुस्तकांचा मुख्य गिऱ्हाईक बहुधा खुद्द मेसनच असावा, कारण पाठांतरासाठी दुसरे साधन त्याच्याजवळ नव्हते.

पुस्तकामुळे प्रथा कशी बदलते याचा नमुना येथे पाहायला मिळतो. छापील पुस्तक वाचून कोणीही आत शिरेल या भीतीने लंडनच्या ग्रँड लॉजने, म्हणजे लॉज नावाच्या स्थानिक शाखांच्या वरिष्ठ मंडळाने, पहिल्या आणि दुसऱ्या पदवीच्या खुणेच्या शब्दांची अदलाबदल केली. हा बदल ज्यांना रुचला नाही त्यांच्या तक्रारींच्या यादीत ती अदलाबदल ठळकपणे आली, आणि डर्मट यांनी आपल्या पक्षाला 'प्राचीन' व समोरच्या, वयाने वडील असलेल्या पक्षाला 'अर्वाचीन' ठरवून टाकले. हे भांडण १८१३ मध्ये दोन्ही पक्ष एकत्र येईपर्यंत चालले. म्हणून प्रिचर्ड आणि डर्मट यांची पुस्तके फळीवर शेजारी शेजारी ठेवावीत असे मला वाटते, मग ती पुनर्मुद्रणे असली तरी चालतील.

लंडनस्थ

मी गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये आहे. ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन मंडळींच्या संग्रहालयाचे ग्रंथालय मेसन नसलेल्यांनाही खुले आहे, तेथे माझ्या रजेचे बरेच दिवस गेले आहेत. अँडरसनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रत्येक नवा संग्राहक याच पुस्तकावर घसरतो.

१७२३ ची आवृत्ती आकाराने लहान चौपानी आहे आणि तिची क्रमांकित पाने ९१ भरतात. शीर्षकपानावर ख्रिस्ती सनाबरोबर मेसन मंडळींचे ५७२३ हे वर्षही छापलेले आहे. समोर जॉन पाइन यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले मुखचित्र आहे. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, मध्ये माँटेग्यूचे ड्यूक ग्रँड लॉजच्या प्रमुखपदी आपल्यामागून आलेल्या व्हॉर्टनच्या ड्यूकच्या हाती नियमांची गुंडाळी आणि कंपास देत आहेत, आणि पायाशी युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील सत्तेचाळिसाव्या सिद्धांताची आकृती. ज्याला आपण शाळेत पायथागोरसचा सिद्धांत म्हणून घोकला तोच. शेवटी गाणी आहेत, काहींच्या स्वरलिपीसह. हे मुखचित्र फाडून चौकटीत लावण्याची खोड जुनी आहे, त्यामुळे चित्राविना प्रती आढळतात. प्रत हाती आली की आधी चित्र आणि शेवटची गाण्यांची पाने पाहावीत. मधला मजकूर सहसा कोणी चोरत नाही.

बर्नार्ड क्वारिच यांनी १९२३ मध्ये, म्हणजे द्विशताब्दीच्या वर्षी, लायोनेल वायबर्ट यांच्या प्रस्तावनेसह या ग्रंथाची हुबेहूब प्रतिकृती काढली. तिच्यातून ती प्रस्तावना काढून टाकली आणि जुन्या कातड्यात बांधली, तर नवखा माणूस फसू शकतो. एफसारखा दिसणारा लांब एस पाहून हुरळून जाऊ नये, तो प्रतिकृतीतही असणारच. मुखचित्राच्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवावे. तांब्याचा पत्रा दाबून छापलेले चित्र असेल तर चौकटीबाहेर कागदात एक बारीक पायरी बोटाला लागते. पान फार कापले गेले असेल तर ही पायरीही जाते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

माझे मत विचाराल तर इतिहास जमवणाऱ्याने १७२३ पेक्षा १७३८ च्या दुसऱ्या आवृत्तीचा ध्यास घ्यावा. २४ जून १७१७ रोजी सेंट पॉलच्या आवारातील 'गूज अँड ग्रिडआयर्न' या मद्यगृहात चार लॉज एकत्र आल्या आणि ग्रँड लॉज स्थापन झाली, ही सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत पहिल्या आवृत्तीत नाहीच. ती प्रथम दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे घटनेनंतर २१ वर्षांनी येते. अलीकडे काही इतिहासकार १७१७ ऐवजी १७२१ हे वर्ष धरावे असे म्हणतात, त्या वादाची मुळे येथेच आहेत.

शंकेखोर

म्हणजे अँडरसन यांच्या इतिहासावर विश्वास ठेवायचा की नाही?

लंडनस्थ

त्यांचा इतिहास आदमपासून सुरू होतो, यावरून आपणच ठरवावे. आपल्याकडील एखाद्या क्षेत्राचे माहात्म्य जसे वाचतो तसा तो भाग वाचावा. नियमांचा भाग मात्र दस्तऐवज म्हणून वाचावा. या विषयात बनावट कागदही पुष्कळ आहेत. १७५३ मध्ये 'जंटलमन्स मॅगझिन'ने सहाव्या हेन्री राजाच्या हातची म्हणून एक प्रश्नोत्तरी, तत्त्वज्ञ लॉक यांच्या पत्रासह छापली. पुढे कितीतरी मेसन ग्रंथकारांनी ती भाविकतेने उद्धृत केली आणि शेवटी ती खोटी निघाली. उलट खरी जुनी पोथी मेसन नसलेल्या माणसाच्या हाती लागली. ब्रिटिश म्युझियममध्ये नीतीविषयक कविता म्हणून नोंदलेले ७९४ ओळींचे हस्तलिखित प्रत्यक्षात गवंड्यांच्या संघाचे नियम सांगते, हे जेम्स ऑर्चर्ड हॅलिवेल या तरुण अभ्यासकाने ओळखले आणि १८४० मध्ये ते छापले. हॅलिवेल यांची ती छोटी पुस्तिका अजूनही माफक किमतीत मिळू शकते. धागाकर्त्यांना लंडनचे काही हवेच असेल तर मी तीच सुचवेन.

वेखंड

मी जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करते. प्रतिसाद थोडा धंद्याच्या अंगाने आहे, सांभाळून घ्यावा.

व्हिक्टोरियन काळातील कातडी बांधणीची पुस्तके हातात घेतली की तळव्याला विटकरी भुकटी लागते. तो कातड्याचाच क्षय आहे. त्यावर तेल किंवा बुटाचे पॉलिश लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने कातडे काळे पडते आणि डाग आतल्या पानांवर उतरतात. बांधणी चिकटपट्टीने सांधू नये. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ एवढ्यावर बहुतेक फाटलेली पाने सांधता येतात. कसर खळीसाठीच येते, म्हणून ती आधी पुस्तकाच्या कण्याशी शोधावी. आमच्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंडाची पूड ठेवत असत, मीही पातळ कापडाच्या पुरचुंडीत ती ठेवते, परंतु पूड पानांवर कधी भुरभुरू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी कपाट उघडून प्रत्येक पुस्तक चाळणे, याला पर्याय नाही.

दौतटाककाका, आपण पुस्तके बांधायला देता का? देत असाल तर आधी बोलून घ्यावे.

दौतटाक

वेखंडताई, आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. सुरुवातीच्या वर्षांत रिचर्ड कार्लाइल यांच्या 'मॅन्युअल ऑफ फ्रीमेसनरी'ची एक खिळखिळी प्रत मी एका बांधणाऱ्याकडे दिली होती. हा मजकूर कार्लाइल यांनी १८२५ मध्ये डॉर्चेस्टरच्या तुरुंगात असताना आपल्या 'रिपब्लिकन' पत्रातून मेसन मंडळींची खिल्ली उडवण्यासाठी छापला, आणि पुढे मेसन लोकच तो पाठांतरासाठी विकत घेऊ लागले. माझी प्रत उशिराची, स्वस्त पुनर्मुद्रणाची होती, तिला बाजारात विशेष किंमत नव्हती. परंतु पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मुंबईच्या एका लॉजच्या ग्रंथालयाचा अंडाकृती शिक्का होता, त्याखाली जांभळ्या शाईत गुजराती सही होती, आणि समासांत त्याच शाईने कोठे थांबावे, कोठे आवाज चढवावा अशा खुणा केलेल्या होत्या. पुस्तक परत आले ते चकचकीत लाल रेक्झिनमध्ये. शिक्क्याचे पान गेले होते आणि तिन्ही कडा यंत्रावर सरळ कापून घेतल्यामुळे समासातल्या खुणा अर्ध्या उरल्या होत्या. बांधणाऱ्याने मन लावून काम केले होते, मी त्याला काही सांगितलेच नव्हते.

त्या दिवसापासून माझा संग्रहाचा विचार बदलला. लंडनमध्ये छापलेला मजकूर शंभर ठिकाणी सापडेल, तो शिक्का आणि त्या खुणा आणखी कोठे सापडणार? मुंबईतल्या मेसन मंडळींचा इतिहास मला त्यासाठीच हवासा वाटतो. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या युरोपियन मंडळींनी लॉजमध्ये घेतले नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. पुढे १८४३ च्या डिसेंबरात डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज स्कॉटलंडच्या सनदेखाली मुंबईत निघाली, ती हिंदी लोकांना प्रवेश देण्याच्या हेतूनेच. हे बर्न्स म्हणजे काबूलमध्ये १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्स यांचे थोरले बंधू. ते स्वतः ग्रंथकार होते. नाइट्स टेंप्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक एडिंबरोला निघाले होते. माणकजींनी पुढे मुंबईत मुलींच्या इंग्रजी शिक्षणाची संस्था काढली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

या लॉजचा इतिहास डी. एफ. वाडिया यांनी लिहिला, तो १९१२ मध्ये मुंबईत छापला गेला. खर्शेदजी रुस्तुमजी कामा यांनी १८७० च्या दशकात मेसन बंधूंपुढे दिलेली व्याख्याने पुस्तिकारूपाने निघाली. त्यांत मिथ्र या प्राचीन इराणी देवतेच्या पूजेचे विधी आणि मुंबईतील हिंदी लोकांमधील फ्रीमेसनरी असे विषय आहेत. इतर इलाख्यांकडे पाहिले तर मद्रासकडचा माल्डन यांचा ग्रंथ १८९५ चा आणि बंगाल-पंजाबविषयीचा फर्मिंजर यांचा १९०६ चा. ही मोठी पुस्तके झाली. माझी खरी भूक आहे ती लॉजच्या उपनियमांच्या आठ-बारा पानी पुस्तिका, सभासदांच्या याद्या, अध्यक्षांच्या पदग्रहणाची भाषणे आणि मेजवान्यांची पत्रके यांची. उपनियमांच्या पुस्तिकेत गैरहजेरीचा दंड किती, मेजवानीचा खर्च कोणी उचलायचा, हे असते. सभासदांच्या यादीत नावापुढे धंदा दिलेला असला तर न्यायाधीश, कापसाचा दलाल आणि जहाजाचा इंजिनीअर एका टेबलाशी बसत होते की नाही, हे कोणत्याही आठवणींच्या पुस्तकापेक्षा चोख कळते. सामान्य माणसाला मात्र यातले काही दिसत नव्हते. किपलिंग यांच्या 'किम'मध्ये लाहोरचे लोक लॉजच्या इमारतीला 'जादूघर' म्हणतात. किपलिंग स्वतः लाहोरच्या लॉजमध्ये १८८६ साली दाखल झाले होते, तेव्हा हे नाव त्यांनी हसत हसतच लिहिले असेल.

छापखाना

धागाकर्त्यांशी सहमत. अशा पुस्तिकांवर लेखक, प्रकाशक, किंमत यांपैकी काहीच नसते, म्हणून त्या ओळखण्याच्या दोन-तीन युक्त्या लिहितो.

१८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची त्रैमासिक यादी सरकारी गॅझेटाची पुरवणी म्हणून निघत असे. तीत छापखाना, पृष्ठसंख्या, किती प्रती काढल्या आणि किंमत काय, हे दिलेले असते. तेथे पुस्तिका सापडली नाही म्हणून ती छापलीच नव्हती असे समजू नये, पण सापडली तर अर्धे काम झाले.

तारीख वाचताना सावध असावे. साध्या लॉजच्या कागदावर ५८७७ असे वर्ष असेल तर त्यातून ४००० वजा करावेत, १८७७ मिळते. रॉयल आर्च या पुढच्या पदवीच्या मंडळींच्या खास सनातून ५३० वजा करावे लागतात आणि टेंप्लरांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या मेसन पदव्यांच्या सनात उलट १११८ मिळवावे लागतात. एकाच माणसाच्या पेटीत तिन्ही प्रकारचे कागद असले की चांगला माणूस गोंधळतो.

शिक्क्यावरील क्रमांकाकडेही लक्ष द्यावे. इंग्लंडच्या सनदेखालील लॉजचे क्रमांक अनेकदा बदलले, शेवटचा मोठा फेरबदल १८६३ चा. त्यामुळे एकाच लॉजच्या दोन पुस्तकांवर दोन क्रमांक असू शकतात, आणि त्यावरून शिक्का १८६३ च्या आधीचा की नंतरचा हे ठरते. जॉन लेन यांनी १८८६ मध्ये या साऱ्या क्रमांकांची जंत्री केली, ती आता संगणकावर विनामूल्य पाहता येते. क्रमांकापुढे एस. सी. असेल तर ती लॉज स्कॉटलंडची, आणि लेनच्या जंत्रीत ती शोधण्यात वेळ घालवू नये.

शंकेखोर

माझ्या आजोबांच्या पुस्तकांत मेसन मंडळी सैतानाची पूजा करतात असे सांगणारे एक जुने फ्रेंच पुस्तक आहे. ते या संग्रहात बसते का?

लंडनस्थ

बसते, मात्र फळी वेगळी असावी. काळ १८८५ ते १८९७ च्या दरम्यानचा असेल तर लेखकाचे नाव पाहावे. लिओ तॅक्सिल या पत्रकाराने बारा वर्षे अशी पुस्तके लिहून भाविक वाचकांकडून पैसे मिळवले आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत हे सारे आपण रचले होते असे स्वतःच सांगून टाकले. त्याने कबुली दिल्यानंतरही त्या पुस्तकांतील मजकूर उद्धृत होत राहिला, अजूनही होतो. त्याच्या आधीची बाऱ्युएल आणि रॉबिसन यांची १७९७ ची पुस्तके वेगळ्या जातीची आहेत. फ्रेंच राज्यक्रांती मेसन मंडळींनी घडवली असे या दोघांना मनापासून वाटत होते.

आणखी एक. धागाकर्त्यांनी मुंबईचे जुने कागद तपासण्यासाठी इकडे पाठवू नयेत, छायाचित्रे पाठवावीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते आणि दस्तऐवज येतात. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. लॉजच्या इतिवृत्ताची वही कधी हाती लागली तर हे विशेष लक्षात ठेवावे. शिवाय इतिवृत्ताची वही ही लॉजची मालमत्ता असते. ती रद्दीत आली असली तरी आधी त्यांना विचारणे बरे.

दौतटाक

सर्वांचे आभार. निर्णय झाला. हॅलिवेल यांच्या १८४० च्या पुस्तिकेसाठी थोडे पैसे बाजूला ठेवतो आणि बाकी सारे मुंबईच्या कागदांवर. अँडरसनची एक साधी प्रतिकृती आहे, ती पुरे.

धागा सुरू असताना एक गोष्ट घडली ती नोंदवून ठेवतो. निळ्या पुस्तकाच्या गठ्ठ्यात तेव्हा घडी घातलेली काही पत्रकेही होती. ती मी रद्दी समजून त्याच रविवारी विक्रेत्याच्या टोपलीत परत टाकली होती. छापखाना यांचा प्रतिसाद वाचून काल ते निळे पुस्तक पुन्हा पानोपान चाळले, तर कण्याजवळ त्यातलेच एक पत्रक खूण म्हणून अडकून राहिलेले सापडले. ते लॉजच्या बैठकीचे बोलावणे आहे. वर्ष ५८७६, म्हणजे १८७६. क्रमांकापुढे एस. सी. आहे. खाली कामकाजाचे पाच मुद्दे छापले असून चौथ्यासमोर पेन्सिलीने गुजरातीत 'मोडेथी आव्यो', म्हणजे उशिरा आला, असे लिहिले आहे. वेखंडताई, घडीवर कागद फाटू लागला आहे. तो उघडा ठेवू की घडीतच राहू देऊ?

वेखंड

उघडा ठेवावा, घडीवर वजन देऊ नये. आम्लविरहित कागदाच्या दोन तावांमध्ये घालून पुठ्ठ्याच्या पाकिटात आडवा ठेवा, आणि ज्या दोन पानांमध्ये तो सापडला त्यांचे क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा. पेन्सिलीच्या अक्षरांना हात लावू नका.